कळपाची तुटलेली बाजू

तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं, तर वाचणाऱ्यांतले निम्मे म्हणतील, "अरे वा, ती तुमची मैत्रीण होय?" आणि मग माझ्याच लिखाणात तिचं कौतुक सुरू होईल. ते मी जन्मभर ऐकत आलेय. तेव्हा ती नुसती 'ती', आणि मी 'मी'. बाकीच्यांचीही नावं गाळते, म्हणजे तिच्या एकटीवरच राग काढला असं कुणी म्हणायला नको.

आम्ही दोघी विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या एम.एस्सी.ला होतो. वर्गात मुली आम्ही दोघीच, त्यामुळे मैत्री झाली नसती तरी एका बाकावर बसणं भाग होतं. मैत्री झाली, हेही खरं. ती पैठणकडच्या एका खेड्यातल्या दलित वस्तीतली. मी पडेगावच्या मेंढपाळाची. माझे वडील, म्हणजे आबा, दौलताबाद रस्त्याकडेच्या माळावर मेंढ्या चारायचे. वाळूजकडं नवे कारखाने उभे राहत होते, दरवर्षी कुठला तरी माळ तारेच्या कुंपणाआड जात होता, आणि विद्यापीठात नामांतराचं वातावरण तापलेलं होतं. नाव बदला आणि बदलू नका, अशा दोन्ही घोषणा एकाच भिंतीवर चुना मारून एकावर एक लिहिलेल्या असायच्या. ती मोर्चाला जायची आणि तिथून तशीच तासाला यायची. घसा बसलेला असायचा, तरी सरांच्या प्रश्नाला पहिलं उत्तर तिचंच. मी घरून सगळं वाचून यायचे, आणि माझं उत्तर ओठांवर येईपर्यंत तिचं देऊन झालेलं असायचं. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

आमच्या सरांना धातूंच्या पृष्ठभागाचं वेड होतं. वेडापुरतं यंत्र मात्र विभागात नव्हतं. धातूचा वरचा थर बघायचा तर तो तुकडा हवा जवळजवळ पूर्ण काढलेल्या भांड्यात ठेवावा लागतो, आणि आमचा पंप हवा ओढायचा कमी अन् तेल गाळायचा जास्त. म्हणून सर गोट्यांवर शिकवायचे. एक गोटी म्हणजे एक अणू.

सरांचा लाडका प्रश्न असा होता. सोन्याचा तुकडा घ्या आणि एका ठरावीक दिशेनं कापा. आत अणू चौकोनी ओळींत बसलेले असतात. कापल्यावर जो थर वर उघडा पडतो, त्यानंही तसंच चौकोनी राहायला हवं. तो राहत नाही. वरचे अणू आपली जागा सोडतात, एकमेकांजवळ सरकतात आणि मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी दाटी करतात. प्लॅटिनमही तसंच करतं. चांदी मात्र करत नाही. सोनं आणि चांदी तक्त्याच्या एकाच स्तंभातले सख्खे शेजारी, आतली मांडणी तीच, अणूंमधलं अंतरही जवळपास तेच. तरी कापलं की सोनं हलतं आणि चांदी जिथल्या तिथं बसते. असं का?

दक्षिणेतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत ते यंत्र होतं, आणि सरांच्या शिफारशीवर तिथं संशोधनाला एक जण जाऊ शकत होतं. एकच. सर म्हणाले, "या प्रश्नावर दोघी बोला, मग मी ठरवतो."

ती जागा माझ्यासाठी काय होती ते सांगते. घरात स्थळं बघणं सुरू झालं होतं. आबा एकदाच बोलले होते, "म्होरं शिकायला जागा भेटली तर जाय. नाय भेटली तर मी देवगावच्या पाव्हन्यांना हो म्हनतो." देवगाव रंगारीचं ते स्थळ दारात चपला काढूनच बसलेलं होतं. आबा शब्दाचे पक्के, त्यामुळे एकीकडं प्रयोगशाळा आणि दुसरीकडं हळद, मधे काही नाही.

मी जीव ओतून तयारीला लागले. सुताराकडून लाकडी पेटी करून घेतली, गोट्या आणल्या, खालचे थर चौकोनी मांडले, वरचा षटकोनी. पडेगावहून सिटी बसनं नेताना गोट्या घरंगळल्या तर काय घ्या, म्हणून एकेक गोटी डिंकानं पक्की चिकटवली. इतकं देखणं काम झालं की आई म्हणाली, "देव्हाऱ्यात ठेव."

सेमिनार आठवड्यावर आला आणि शहरात पुन्हा गडबड झाली. वसतिगृह रिकामं करा, असा हुकूम निघाला. पैठणच्या एसटी बंद. तिला गावी जाता येईना. मीच म्हटलं, चल माझ्याकडं. मैत्रीण म्हणून म्हटलं, आणि ती काय तयारी करतेय ते कळावं म्हणूनही म्हटलं. पाहिलं तर तिच्या पिशवीत एक वही आणि दोन कपडे. तयारी अशी काही नव्हतीच. मला बरं वाटलं.

घरी आईनं विचारलं, "पाव्हनी कुठली?"

मी म्हटलं, "हॉस्टेलची." पण तिनंच पुढं होऊन गाव सांगितलं, वस्ती सांगितली, आणि वर म्हणाली, "मोर्च्यातली बी हाय मावशी. आधीच सांगते, मंग म्हनू नका."

जेवायला वाढताना आईनं पाहुणीसाठी फळीवरची वेगळी ताटली काढली. ते सगळ्यांनी पाहिलं. आबांनी ती ताटली उचलली, स्वतःपुढं घेतली आणि आपलं वाढलेलं ताट तिच्यापुढं सरकवलं. तिनं एक घास घेतला आणि म्हणाली, "मामा, तुमच्या ताटात तिखट लई हाय."

आबा हसले. मोठ्यानं हसले. आमच्या घरात जेवताना कुणी हसत नसे, आबा तर नाहीच. मी गेली वीसेक वर्षं त्या माणसासमोर बसून जेवत होते.

जेवण झाल्यावर आबांनी नवी घोंगडी काढली. आमच्याच मेंढ्यांच्या लोकरीची, मुद्दाम विणून आणलेली. अभ्यासाला बसायला म्हणून मी ती मागितली होती तेव्हा "पाव्हन्यारावळ्याची हाय" म्हणून ठेवून दिली होती. ती अंथरून आबा तिला म्हणाले, "माय, हिच्यावर बस."

माय! मला जन्मल्यापासून 'ए पोरी'. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि मी भांडी घासायला निघून गेले. त्या दिवशी भांडी फार स्वच्छ निघाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चुलते रानात आले. ते शेजारीच राहायचे. दोघा भावांच्या मेंढ्या एकत्र चरायच्या आणि एकत्र बसायच्या. आमच्या मेंढ्यांच्या पाठीवर तांबडा ठिपका, त्यांच्या मेंढ्यांच्या पाठीवर निळा. बसताना मेंढ्या आपापल्या बाजूला बसायच्या, पण मधे पाठीला पाठ लागलेली असायची आणि लांबून एकच कळप दिसायचा. त्या आठवड्यात खतासाठी ज्या शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या, तो नामांतराच्या विरोधातला. आमच्याकडं पाहुणी कोण आहे, ते त्याच्या कानावर गेलं होतं आणि त्यानं चुलत्यांना टोचलं होतं.

चुलते रानातच उभे राहून म्हणाले, "दादा, तिला वाटंला लावून दे. नाय तर माजी मेंढरं येगळी."

आबा म्हणाले, "येगळी कर."

आम्ही दोघी भाकरी घेऊन तिथंच गेलो होतो, त्यामुळे तिनं सगळं ऐकलं. चुलत्यांनी आपल्या मेंढ्या उठवल्या तेव्हा ती माझ्या कानाशी म्हणाली, "निळ्या ठिपक्याची मेंढरं चालली गं. मला वाटलं, ती तरी आमच्या बाजूची असतील." मला हसू आलं नाही. तिलाही आलेलं नव्हतं.

चुलते त्यांची मेंढरं घेऊन बांधापलीकडं गेले आणि आमच्या कळपाची एक बाजू उघडी पडली. ज्या मेंढ्या आत्तापर्यंत ऐन मधे होत्या, त्या एकदम कडेला आल्या. त्या उठल्या, एकमेकींना भिडल्या, एकीनं दुसरीच्या पोटाखाली तोंड खुपसलं, आणि त्या रांगेत अशी दाटी झाली की मधे हात शिरला नसता. आतल्या मेंढ्या आपल्या जागी निवांत रवंथ करत होत्या. कळपात दोन-चार शेळ्याही असायच्या. त्याही आता कडेला आल्या होत्या, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. कान हलवले, तेवढंच.

हे मी लहानपणापासून बघत आलेले. कळप कुठूनही तोडा, मेंढ्या असंच करतात. त्या संध्याकाळी मी बघत होते चुलत्यांच्या पाठीकडं. आजोबांपासूनचा कळप माझ्या डोळ्यांदेखत दोन झाला होता, आणि ज्या पाहुणीपायी झाला, ती मेंढ्यांकडं टक लावून बघत होती.

"ह्या काहून सरकल्या गं?" तिनं विचारलं.

"मेंढ्याच त्या. भ्यायल्या."

"मंग शेळ्या काहून नाय भ्याल्या?"

मी म्हटलं, "घरी चल." आबा तिथंच राहिले. तुटलेल्या बाजूला आपली जुनी घोंगडी टाकून नेहमीसारखे आडवे झाले. लांडगा आला तर त्याच बाजूनं येतो.

गडबड निवळली आणि सेमिनार झाला, त्यात माझा नंबर पहिला. मी पेटी उघडली. सर खूश झाले, म्हणाले, "सुंदर! आता कापल्यावर अणू कसे सरकतात, ते दाखवा बरं." मी गोटीला बोट लावलं. गोटी हलेना. दुसरीला लावलं. नखानं खरवडलं. मागच्या बाकावरून कुणीतरी फिदीफिदी हसलं, मग सगळा वर्ग हसला. अणू सरकतात हे सांगायला आलेल्या बाईनं अणू डिंकानं चिकटवून आणले होते.

तरी मी बोलले. समीकरणं मांडली. आणि एक महत्त्वाची गोष्ट सांगितली, जी आज कुणाच्या लक्षात नाही म्हणून इथं पुन्हा सांगते. वरचा थर दाटला की तो खालच्या थरावर नीट बसत नाही. खाली चौकोन, वर षटकोन, दोघांचं बिनसतं. त्या बिनसण्याची किंमत मोजावी लागते. सरकण्यातला फायदा त्या किमतीहून जास्त असेल तरच धातूचा थर सरकतो. हे मी सांगितलं. तिनं नाही, मी.

मग ती उठली. रिकाम्या हातांनी फळ्याजवळ गेली आणि म्हणाली, "सर, सोनं म्हंजे मेंढरू आन चांदी म्हंजे शेळी."

वर्ग पुन्हा हसला. सर हसले नाहीत. तिनं कळप काढला, मधे रेघ मारून अर्धा पुसला, आणि बोलत गेली. आतल्या अणूला चारी बाजूंनी, वरून, खालून शेजारी असतात. कापलं की वरचे शेजारी गेले. त्यांना धरण्यात गुंतलेले इलेक्ट्रॉन मोकळे झाले, आणि ते बाजूच्यांना धरायला लागले. बाजूची पकड वाढली, म्हणून थर आवळला. आवळायची ओढ चांदीलाही असते. पण सोन्याचा अणू फार जड, त्याच्या गाभ्याजवळ इलेक्ट्रॉन भयंकर वेगानं फिरतात, आणि त्याचा परिणाम पार बाहेरपर्यंत पोचतो. त्यामुळे सोन्याची पकड चांदीहून जबर. खालच्या थराशी बिनसलं तरी चालेल इतकी ओढ सोन्याला असते, चांदीला नसते. म्हणजे माझी किंमतही तिनं एका वाक्यात वापरून टाकली.

कळप का तुटला होता, ते तिनं सांगितलं नाही. कुणाच्या मेंढ्या होत्या तेही नाही. "येका रानात बघितलं," एवढंच म्हणाली.

सरांनी त्याच दिवशी निर्णय सांगितला. तिची निवड झाली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण कुणी माझ्याकडं बघूनच काढली असावी. मेंढ्या माझ्या, बाप माझा, कळप आमचा तुटला, आणि दिसलं तिला! तिनं चोरलं असतं तर निदान भांडता आलं असतं. तिनं तर फक्त बघितलं होतं. मी वीस वर्षांत जे बघितलं नाही, ते ती एका संध्याकाळी बघून गेली, याचा राग कुणावर काढायचा?

दक्षिणेला निघण्याआधी ती घरी आली तेव्हा आबांनी ती नवी घोंगडी घडी करून तिच्या पिशवीवर ठेवली. "घेऊन जाय माय, तिकडं थंडी असन." दक्षिणेत कसली आलीय थंडी! मी शेजारीच उभी होते. पुढच्याच महिन्यात आबांनी देवगावच्या पाहुण्यांना होकार कळवला.

नवरा चांगला निघाला, तेवढी एक गोष्ट माझ्या जळफळाटाच्या आड आली. तो वाळूजच्या एका कारखान्यात लागला, मी शहरातल्या ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागले, मुलगा झाला. पडेगावचा माळ प्लॉट पाडून विकला गेला. चुलत्यांनी मेंढ्या विकल्या. आबांकडं हट्टापुरत्या थोड्या राहिल्या. तिच्याबद्दल अधूनमधून ऐकू यायचं, आणि जे यायचं ते चांगलंच यायचं. आबा मात्र मी माहेरी गेले की चहाच्या आधी विचारायचे, "तिचं काय चाललंय?"

मग एकदा कॉलेजच्या वाचनालयात एक जुनं मासिक चाळताना मला माझी गोष्ट सापडली. प्लॅटिनमचा वरचा थर असाच दाटून बसतो, हे मला ठाऊक होतं. पण त्यावर एका विशिष्ट वायूचे रेणू येऊन बसले, की ते दाटलेले अणू सैल पडतात आणि परत आपल्या जुन्या चौकोनी जागांवर जातात. वरचा शेजारी गेला म्हणून जे आवळले होते, त्यांना वर कुणीतरी मिळालं, एवढंच. मी मासिक मिटलं आणि मला आबा दिसले. तुटलेल्या बाजूला घोंगडी टाकून पडलेले. कडेच्या मेंढ्या त्यांच्या पाठीशी येतात आणि उजाडेपर्यंत सैल होतात, हे मी शंभरदा पाहिलं होतं, आणि आज पहिल्यांदा मला ते दिसलं. तिला नाही, मला! मी तिला कळवलं नाही. हे मला तोंडावर सांगायचं होतं, सांगताना तिचं तोंड बघायचं होतं.

ती संधी विद्यापीठाचं नाव बदललं तेव्हा आली. तिनं एम.एस्सी.चं प्रमाणपत्र तोवर घेतलंच नव्हतं. जुन्या नावाचं नको, म्हणाली होती, आणि गुणपत्रिकेवरच निभावलं होतं. माझं जुन्या नावाचं, चौकट करून भिंतीवर लटकलेलं. इतकी वर्षं अडून बसून तिनं हवं तेच मिळवलं, आणि मी तेवढ्यावरही जळले. प्रमाणपत्र घेऊन ती सरळ पडेगावला आली, आबांना दाखवायला. मीही मुद्दाम गेले होते.

ओट्यावर बसल्या बसल्या मी तिला सगळं सांगितलं. प्लॅटिनम, वायू, आबा, मेंढ्या. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाली, "माजा प्रबंध त्याच्यावरच हाय गं."

मग तीच पुढं सांगत गेली.

"मेंढरं येगळी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटं मी रानात गेले व्हते. मामा कडंला झोपलेले, आन मेंढरं सैल झालेली. लई येळ बसले बघत."

मग माझा तोल सुटला. मी आबांवर उखडले. एका पोराची आई मी, पण लहान पोरीसारखी ओरडले, "आबा, हिला ताट, हिला घोंगडी, हिला माय! मेंढ्यासुद्धा हिलाच दिसल्या. मला काय दिलं तुम्ही?"

आबा तंबाखू मळत होते. त्यांनी हात थांबवला नाही. म्हणाले, "लांडगा कडंच्या मेंढराला धरतो. ती कडंला व्हती. तुला मी कवा कडंला यिऊ दिलं?"

मधल्या मेंढीला ऊब असते, आणि तिला समोरच्या मेंढीच्या पाठीपलीकडं काही दिसत नाही. आबांनी मला मधे ठेवलं होतं. स्थळही त्यांनी तसंच शोधलं होतं, चारी बाजूंनी माणसं असलेलं. ही त्यांची माया होती, आणि या मायेनंच मला प्रयोगशाळेपासून लांब ठेवलं. तिला जे दिसलं ते कडेला उभं राहून दिसलं. मी सगळी वर्षं जिच्यावर जळत आले, ती जागा ही होती.

मी तिला विचारलं, "तुला तिथं उभं राहायला आवडायचं का गं?"

"मला कुनी इचारून हुभं केलं व्हतं का?" ती म्हणाली. मग आबांकडं बघून म्हणाली, "येक डाव बसले व्हते मधी. मामाच्या ताटावर."

तिनं पिशवीतून ती घोंगडी काढून ओट्यावर अंथरली. कडा विरल्या होत्या, एका कोपऱ्याला ठिगळ होतं. मला म्हणाली, "ये, बस." मी बसले. लोकरीला अजून आमच्या मेंढ्यांचा वास होता.

तरी मी मागितलीच. म्हटलं, "आता तरी ही मला दे."

"नाय द्यायची," ती म्हणाली. "मला दिलीय मामानं."

आबा हसले. मोठ्यानं, त्या दिवशी जेवताना हसले होते तसेच. आबा आता नाहीत. ते हसताना आठवायचे म्हटलं, तर मला अजूनही तिच्याच दोन्ही वेळा आठवतात.